रॉबर्ट रायनची भीती का वाटते?

मागच्या अंकात फिल्म न्वारविषयीच्या, म्हणजे हॉलिवूडच्या जुन्या काळोख्या गुन्हेपटांविषयीच्या, एका प्रश्नाला उत्तर देताना रॉबर्ट रायन या अमेरिकी नटाचं नाव मी एका ओळीत घेतलं आणि पुढे गेले. ‘त्या काळातला माझ्या मते सगळ्यात भीतिदायक खलनायक’ एवढंच लिहिलं होतं. त्या ओळीवर इतकी पत्रं आली की हा माणूस एका ओळीत उरकायला नको होता, हे माझं मलाच लागून राहिलं. म्हणून या वेळचं सगळं सदर त्याच्यासाठी. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : सगळ्यात भीतिदायक रायनच का? रिचर्ड विडमार्कने ‘किस ऑफ डेथ’मध्ये व्हीलचेअरवरच्या बाईला जिन्यावरून ढकलून दिलं, तेव्हाचं त्याचं ते खिदळणं अजून कानात आहे. रायनने त्याहून भयंकर काय केलं? (एक निवृत्त ग्रंथपाल)

तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि योगायोग असा की हे दोघे एकाच वर्षी समोरासमोर आले होते. ‘किस ऑफ डेथ’ 1947चा आणि रायनचा ‘क्रॉसफायर’ही 1947चाच. दोघांनाही साहाय्यक अभिनेत्याच्या ऑस्करचं नामांकन मिळालं आणि दोघेही हरले. बक्षीस गेलं एडमंड ग्वेनला, सांताक्लॉजच्या भूमिकेसाठी.

विडमार्कचा टॉमी उडो पडद्यावर आला की पहिल्या मिनिटाला कळतं, याच्यापासून चार हात लांब राहावं. तो हसतोच तसा. रायनचा माँटगोमेरी तसा नाही. ‘क्रॉसफायर’मध्ये सॅम्युएल्स नावाच्या ज्यू माणसाचा त्याच्या घरात खून होतो. पोलीस तपास करत असताना तिथे एक उंचापुरा सैनिक येतो. मित्राला शोधत आलोय म्हणतो. अदबीने बोलतो. आपणही पूर्वी पोलिसात होतो, हे सांगून अधिकाऱ्याशी जवळीक साधतो. मदत करायला एका पायावर तयार. आणि बोलता बोलता, कुणी न विचारता, युद्धात अंग चोरून घरी बसलेल्या लोकांवर घसरतो. त्यातल्या काहींची नावं सॅम्युएल्स असतात, काहींची त्याहून विचित्र, असं म्हणून जातो.

त्या वाक्याला तो आवाज चढवत नाही. ही त्याची करामत. हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं बोलतो. समोरच्यालाही हे मान्यच असणार, असं त्याने गृहीत धरलेलं असतं. ऐकणारा क्षणभर गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्यात आपणही सामील होतो. आपण सगळ्यांनीच कधी ना कधी कुणाच्या तरी बैठकीत असं एखादं वाक्य ऐकून घेतलेलं असतं आणि उगाच वाद नको म्हणून विषय बदललेला असतो. विडमार्कच्या हसण्याने मला घाबरवलं. रायनने मला माझ्याच गप्प बसण्याची आठवण करून दिली, आणि ती भीती घरी आल्यावरही गेली नाही.

पुढे कळतं की तो सॅम्युएल्स ओकिनावाच्या लढाईत जखमी होऊन परतलेला होता.

प्रश्न : ‘क्रॉसफायर’मध्ये त्याचा चेहरा हळूहळू बदलत जातो असं वाटतं. हा मेकअप आहे की माझा भास? (एक छायाचित्रकार वाचक)

भास नाही आणि मेकअपही नाही. तुम्ही स्वतः कॅमेरा हाताळता म्हणून ते तुमच्या नजरेने टिपलं. दिग्दर्शक एडवर्ड डमित्रिक याने रायनच्या शॉट्ससाठी लेन्स बदलत नेल्या. सुरुवातीला 50 मिलिमीटर, मग 40, मग 35 आणि शेवटी शेवटी 25. आकडा जितका लहान, तितकी लेन्स रुंद, आणि लेन्स जितकी रुंद, तितका चेहऱ्याचा तोच आकार मिळवायला कॅमेरा जवळ न्यावा लागतो. जवळ नेला की नाक पुढे येतं, कान मागे सरकतात, कपाळ फुगतं. थोड्या अंतराने पाहिलं तर लक्षातही येत नाही, पण माणूस ओळखीचा असून अनोळखी वाटायला लागतो.

मी आयुष्यभर चित्रपटांचं संकलन केलं. संकलकाला एक सवय लागते. आवाज बंद करून नुसते चेहरे बघायचे. ‘क्रॉसफायर’ मी तसा पाहिला आहे, एकदा नाही, तीनदा. लेन्सचा हा खेळ त्यात स्पष्ट दिसतो, पण त्याहून जास्त दिसते ती रायनची साथ. लेन्स चेहरा ताणत असताना हा नट चेहऱ्यावर काहीच जास्तीचं करत नाही. त्या जागी दुसरा कुणी असता तर डोळे वटारले असते, ओठ मुडपले असते. रायनचे डोळे मुळातच बारीक आणि काळे. तो ते अजून थोडे बारीक करतो, इतकंच. ओठ हसत असतात आणि डोळ्यांपर्यंत ते हसू पोहोचत नाही. कॅमेरा काय करतोय हे ज्या नटाला कळतं आणि त्याच्या कामात लुडबूड न करण्याचं शहाणपण ज्याच्यात असतं, असे नट मी बोटांवर मोजण्याइतके पाहिले.

चित्रपट फार थोड्या दिवसांत आणि थोड्या पैशांत झाला. दिव्यांची मोठी मांडणी करायला वेळ नव्हता, म्हणून एखाददुसऱ्या दिव्यावर काम भागवलं. सुरुवातीची मारामारी तर नुसत्या सावल्यांची आहे. दिवा पडतो, भिंतीवर अंगं झटापट करतात, मग अंधार.

प्रश्न : ही कथा मूळची वेगळी होती, असं वाचल्याचं आठवतं. खरं का?

खरं आहे. रिचर्ड ब्रूक्स याची 1945ची ‘द ब्रिक फॉक्सहोल’ ही कादंबरी तिचा आधार. कादंबरीत खून होतो तो समलिंगी माणसाचा. हॉलिवूडच्या त्या वेळच्या आचारसंहितेत तो विषय पडद्यावर आणणंच शक्य नव्हतं, म्हणून पटकथेत बळी ज्यू झाला. द्वेष तोच, निशाणा बदलला. मला या बदलाचं वाईट वाटतं, कारण कादंबरीतल्या त्या माणसाला न्याय मिळायला पुढे कितीतरी वर्षं गेली.

रायन आणि ब्रूक्स यांची ओळख युद्धकाळातली. रायन 1944 मध्ये मरीन दलात दाखल झाला आणि कॅलिफोर्नियातल्या कँप पेंडलटनमध्ये रंगरूटांना कवायत शिकवत होता. ब्रूक्सही मरीनमध्येच. पुस्तक वाचून रायनने त्याला गाठलं आणि सांगितलं, यावर कधी चित्रपट झाला तर हा खुनी मला करायचाय. नायक नव्हे, खुनी. असली माणसं मला ठाऊक आहेत, असं त्याचं म्हणणं होतं. बराकींत राहिलेल्या माणसाचं हे बोलणं मला पूर्ण पटतं.

याची किंमत मात्र इतरांनी मोजली. चित्रपट जुलैमध्ये लागला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे हॉलिवूडमधल्या कथित कम्युनिस्टांची सुनावणी सुरू झाली. निर्माता एड्रियन स्कॉट आणि दिग्दर्शक डमित्रिक हे दोघेही ‘हॉलिवूड टेन’मध्ये, म्हणजे समितीला जुमानलं नाही अशा दहा जणांत होते. उत्तरं द्यायला नकार दिला म्हणून आरकेओ स्टुडिओने दोघांनाही काढून टाकलं, पुढे तुरुंगही झाला. ज्या चित्रपटाला पाच नामांकनं मिळाली, तो करणारी माणसं वर्ष सरायच्या आत बेकार झाली होती. त्या चौकशीला विरोध करणाऱ्या कलावंतांमध्ये रायनचं नाव होतं. त्याचं काम बंद झालं नाही, इतकंच त्याचं नशीब.

प्रश्न : तो खरोखरचा बॉक्सर होता का?

हो. शिकागोत 1909 साली जन्म, डार्टमथ कॉलेजात शिक्षण आणि तिथे चारही वर्षं हेवीवेट विजेता. उंची सहा फूट चार इंच. 1932 मध्ये पदवी हातात पडली ती नेमकी मंदीच्या ऐन भरात. मग जहाजावर भट्टीत कोळसा टाकण्यापासून माँटानातल्या गुरांच्या रँचवर राबण्यापर्यंत मिळेल ते काम केलं. अभिनयाकडे वळला तोवर तिशी जवळ आली होती.

‘द सेट-अप’ (1949, दिग्दर्शक रॉबर्ट वाइज) जरूर बघा. रायन त्यात खलनायक नाही. पस्तिशी गाठलेला, हरत आलेला स्टोकर नावाचा बॉक्सर आहे. त्याच्या मॅनेजरने 50 डॉलर घेऊन त्याची हार विकलेली असते, आणि ही गोष्ट स्टोकरला सांगितलेलीच नसते. हा हरणारच आहे, मग कशाला सांगायचं! चित्रपट 72 मिनिटांचा आणि त्यातली गोष्टही 72 मिनिटांचीच. घड्याळ दाखवूनच सुरू होतो आणि संपतो.

यातली माझी आवडती जागा रिंगणात नाही. कपडे बदलायच्या खोलीच्या खिडकीतून स्टोकर समोरच्या हॉटेलातल्या आपल्या खोलीकडे बघतो. बायकोला त्याचं हे मार खाणं बघवत नाही, ती येणार नाही म्हणालेली असते. खिडकीत दिवा आहे. मग दिवा विझतो. म्हणजे ती निघाली. रायनच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला शब्दांत सांगता येणार नाही. कॅमेरा हलत नाही, संगीत नाही. एवढा थोराड माणूस, आणि त्याचा जीव एका खिडकीतल्या दिव्यात अडकलेला. हा प्रसंग पाहिला की कळतं, याच्या खलनायकांमध्ये जे दुखतं ते कुठून येतं.

प्रश्न : ‘ॲक्ट ऑफ व्हायोलन्स’ पाहिला. अर्धा चित्रपट रायनला खलनायक समजत होते, मग सगळं उलटलं. तुमच्या मते तो खलनायक आहे की नाही?

या प्रश्नाचं उत्तर देताना मला मोह आवरत नाही, कारण रायन मला पहिल्यांदा भेटला तो याच चित्रपटात. मी तेव्हा विद्यार्थिनी होते. फिल्म सोसायटीने 16 मिलिमीटरची प्रिंट आणली होती. संवाद निम्मे कळत नव्हते, सबटायटल्स नव्हती. पण पायाचा आवाज कळत होता.

फ्रेड झिनेमनने सुरुवात अशी केली आहे: रात्र, न्यूयॉर्क, कोट आणि हॅट घातलेला एक माणूस लंगडत रस्ता ओलांडतो. एक पाय पडतो, दुसरा फरफटत येतो. जिना चढतो, खोलीत जातो, ड्रॉवरमधून पिस्तूल काढून त्यात गोळ्या भरतो. लगेच पडद्यावर चित्रपटाचं नाव. नटांची नावं नाहीत, काही नाही. मग तो बसमध्ये बसतो आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या एका गावात उतरतो. तिथे सैनिकांच्या स्मृतिदिनाची मिरवणूक चाललेली असते, आणि हा तिच्यामधून आडवा लंगडत जातो.

त्याला हवा असतो फ्रँक एन्ली. व्हॅन हेफ्लिनने केलेला हा एन्ली घरं बांधणारा, गावाने डोक्यावर घेतलेला, तरुण बायको आणि लहान मूल असलेला युद्धवीर. तो घरी येतो, पडदे ओढतो, दिवे घालवतो. बायको विचारते काय झालं, तो गप्प. अंधारात नवरा-बायको उभे आहेत आणि बाहेर घराभोवती तो पाय फिरतोय. पडतो, फरफटतो. पडतो, फरफटतो. सभागृहात माझ्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटांचे वळ उठले. रायन या प्रसंगात दिसतच नाही! नुसता आवाज. पुढे संकलन शिकताना आमच्या शिक्षकांनी सांगितलं, ध्वनी चित्रापेक्षा आधी आत शिरतो. मला ते आधीच माहीत झालं होतं.

आता तुमचा प्रश्न. जर्मनांच्या युद्धकैदी छावणीत एन्ली अधिकारी होता. त्याच्या माणसांनी पळायचा बेत केला आणि त्याने तो छावणीप्रमुखाला सांगून टाकला. माणसं संगिनींनी भोसकली गेली. जर्मनांनी दिलेलं जेवण त्याने खाल्लं. वाचला तो एकटा जो पार्कसन, लंगडा झालेला रायन. म्हणजे ज्याची आपल्याला भीती वाटत होती, अन्याय त्याच्यावर झालेला.

तरीही मी त्याला निर्दोष म्हणणार नाही. झिनेमनही म्हणत नाही. सूडाच्या नादात पार्कसनचं माणूसपण वाळत चाललेलं असतं आणि रायन ते वाळणं दाखवतो. जबडा आवळलेला, घसा कोरडा, डोळ्यांत झोप नाही. कुणी मायेने बोललं तर त्याला त्रास होतो. हे आपल्याला पाहिल्यावरच कळतं: खलनायक आणि दुखावलेला माणूस यांच्यामध्ये रायन भिंत बांधत नाही. त्याच्याकडे दोघांची चाल एकच असते.

प्रश्न : ताई, मी कॉलेजात शिकते. ‘ऑड्स अगेन्स्ट टुमॉरो’ पाहून रायनचा राग आला. इतका खराखुरा वर्णद्वेष अभिनयाने आणता येतो? त्याच्या मनात थोडं तरी असणारच ना?

नाही गं. आणि हे मी अगदी ठामपणे सांगते, कारण त्याचं आयुष्य त्याची साक्ष देतं.

आधी चित्रपट. 1959 चा, पुन्हा रॉबर्ट वाइजचाच, आणि निर्मिती हॅरी बेलाफाँटेच्या स्वतःच्या संस्थेची. म्हणजे एका कृष्णवर्णीय कलावंताने पैसा उभा करून चित्रपट काढला आणि वर्णद्वेष्ट्या स्लेटरसाठी रायनला घेतलं. पटकथा अब्राहम पोलॉन्स्कीची. कम्युनिस्ट म्हणून काम नाकारलेल्यांच्या काळ्या यादीत तो असल्याने पडद्यावर त्याचं नाव येऊ शकलं नाही, जॉन किलेन्स या कृष्णवर्णीय कादंबरीकाराचं नाव आलं. मूळ लेखकाचं श्रेय कितीतरी वर्षांनी त्याला परत मिळालं.

तुला राग आला तो बहुधा पहिल्याच प्रसंगाने. वारा सुटलेला रस्ता, मुलं खेळताहेत, एक लहान कृष्णवर्णीय मुलगी धावत येऊन स्लेटरवर आदळते. तो तिला उचलून घेतो, हसतो, आणि लाडाच्या सुरात तिला अशी शिवी देतो की ऐकून अंगावर काटा यावा. आपण शिवी दिली हे त्याच्या गावीही नाही! तो त्या क्षणी स्वतःला प्रेमळ समजतो आहे. मग हॉटेलात जातो. लिफ्ट चालवणारा कृष्णवर्णीय माणूस दोन शब्द बोलू बघतो आणि स्लेटर दगडासारखा उभा. थोड्या वेळाने त्याच लिफ्टमधून बेलाफाँटे जातो आणि तोच लिफ्टमन मोकळा हसतो. दोन प्रवासांत पटकथेने सगळं सांगून टाकलं.

आता माणूस. रायनला ही भूमिका घ्यायची नव्हती. कृष्णवर्णीय वाचकांच्या ‘एबनी’ मासिकात त्याने त्या वर्षी लेख लिहिला आणि मथळ्यातच ते सांगितलं: मला वर्णद्वेष्टा रंगवायचा नव्हता. तो नागरी हक्कांच्या चळवळीच्या बाजूने उभा राहिला. अण्वस्त्रांच्या विरोधात काम करणाऱ्या समितीची हॉलिवूड शाखा त्याने आणि स्टीव्ह ॲलनने 1959 मध्येच उभी केली. म्हणजे वर्षभर दिवसा पडद्यावर द्वेष आणि उरलेल्या वेळी सभा, भाषणं, निधी.

आणि शाळा! मला त्याच्याविषयीचं सगळ्यात आवडणारं हेच. 1951 मध्ये तो, त्याची बायको जेसिका आणि काही पालक यांनी मिळून स्वतःच्या घरामागच्या अंगणात मुलांची शाळा सुरू केली. तिची पुढे नॉर्थ हॉलिवूडमधली ओकवुड शाळा झाली आणि ती आजही चालते. त्या वर्षांत तो पडद्यावर माणसं मारत होता आणि घरी बाकं किती लागतील याचा हिशेब करत होता.

मग इतका खरेपणा आला कुठून? माझं मत सांगते. या नटाने वाईट माणसाला वरून पाहिलं नाही. स्लेटर बारमध्ये एका तरुण सैनिकाला ठोसा मारतो, तो प्रसंग पुन्हा लावून बघ. पोरगा नुसती मस्करी करत असतो. ठोसा बसतो, पोरगा कोसळतो, आणि रायनच्या चेहऱ्यावर विजय नसतो, लाज असते. त्याला कळतं की आपण पुन्हा तेच केलं. म्हातारा होत चाललेला, प्रेयसीच्या कमाईवर जगणारा, हातातून सगळं निसटलेला माणूस. आपल्यापेक्षा खालचा कुणीतरी असायलाच हवा, ही त्याची शेवटची काठी आहे. रायनने त्या काठीचं समर्थन केलं नाही. ती तो किती घट्ट धरून आहे, ते दाखवलं. तुला राग आला म्हणतेस ना, तो राग त्याने मिळवलेला आहे.

शेवटी तेलाच्या टाक्यांचा स्फोट होतो आणि दोन जळालेली प्रेतं उरतात. गोरा कोणता आणि काळा कोणता, पोलिसांना ओळखता येत नाही.

प्रश्न : जॉन लेनन ज्या घरात राहत होता ते रायनचं घर होतं, हे खरं का?

खरं आहे. न्यूयॉर्कच्या डकोटा इमारतीत रायन आणि जेसिका राहत असत. जेसिका 1972 मध्ये कर्करोगाने गेली. त्यानंतर त्याला त्या घरात करमेना. 1973 मध्ये तो बाहेर पडला आणि लेनन व योको ओनो तिथे राहायला आले. पुढचं सगळ्या जगाला ठाऊक आहे.

प्रश्न : कुठला चित्रपट आधी बघावा? आणि त्याला एकही ऑस्कर का मिळालं नाही?

ऑस्करचं उत्तर लहान आहे. आयुष्यभरात ते एकच नामांकन, ‘क्रॉसफायर’चं. मला यावर अजून राग येतो. खलनायकाला बक्षीस द्यायला लोक कचरतात. त्याचं काम बघून अस्वस्थ झालेला माणूस टाळ्या वाजवायला विसरतो.

पहिला चित्रपट म्हणून मी ‘ऑन डेंजरस ग्राउंड’ सुचवेन. निकोलस रेचा. रायन त्यात पोलीस आहे, कायद्याच्या बाजूचा, आणि तरीही त्याच्या कुठल्याही गुंडाइतका भीतिदायक. संशयिताला मारताना तो त्यालाच विचारतो, तुम्ही मला हे का करायला लावता? त्या आवाजात धमकी आहे आणि रडणंही. मग त्याला शहरातून लांब, बर्फाळ डोंगराळ भागात पाठवतात. तिथे आयडा लुपिनोने केलेली एक आंधळी बाई भेटते. ती त्याचा चेहरा पाहू शकत नाही, म्हणून तिला त्याची भीती वाटत नाही. बर्नार्ड हरमनचं संगीत आहे, आणि तिच्या प्रसंगांत व्हिओला द’आमोरे नावाचं जुनं तंतुवाद्य वाजतं. त्या सुरांत रायनचे खांदे हळूहळू खाली येतात. बघा म्हणजे दिसेल.

मग ‘क्रॉसफायर’, ‘ॲक्ट ऑफ व्हायोलन्स’, ‘द सेट-अप’. रंगीत हवा असेल तर ‘बॅड डे ॲट ब्लॅक रॉक’ (1955). त्यात एक हात गमावलेला स्पेन्सर ट्रेसी आणि सगळं गाव मुठीत ठेवणारा रायन. सॅम्युएल फुलरचा ‘हाउस ऑफ बांबू’ही त्याच वर्षीचा, जपानमध्ये चित्रित झालेला. त्यात रायन आपल्याच साथीदाराला आंघोळीच्या टबात गोळ्या घालतो आणि मग त्याचं डोकं हातात धरून त्याच्याशी मायेने बोलत बसतो. ‘आय मॅरीड अ कम्युनिस्ट’ वगळलात तरी चालेल. नट चांगला आहे, चित्रपट नाही.

प्रश्न : त्याच्या अखेरच्या काळातली कोणती भूमिका बघावी?

‘द आइसमन कमेथ’. यूजीन ओनीलचं नाटक, दिग्दर्शक जॉन फ्रँकनहायमर, जवळजवळ चार तासांचा चित्रपट. रायनला 1970 मध्ये कर्करोगाचं निदान झालं होतं. जेसिका आधी गेली. तो काम करत राहिला. या चित्रपटात तो लॅरी स्लेड आहे: एके काळचा अराजकवादी, आता एका गुत्त्यात बसून मरणाची वाट पाहतोय असं सगळ्यांना सांगणारा. खलनायक नाही, काही नाही. थकलेला माणूस. त्यात फ्रेड्रिक मार्चही आहे, त्याचा तर हा शेवटचाच चित्रपट.

रायन 11 जुलै 1973 रोजी गेला, त्रेसष्टाव्या वर्षी. चित्रपट त्याच्यानंतर काही महिन्यांनी लागला आणि अमेरिकेतल्या समीक्षकांनी त्याला त्यासाठी गौरवलं.

नाटकाच्या शेवटी गुत्त्यातले सगळे दारू पिऊन गाऊ लागतात, प्रत्येकाचं गाणं वेगळं. लॅरी एकटा खिडकीशी असतो. वर गेलेला एक पोरगा इमारतीबाहेरच्या आगीच्या जिन्यावरून उडी टाकणार आहे हे त्याला माहीत आहे, त्यानेच त्याला जा म्हणून सांगितलंय. तो कान देऊन बसतो. संकलनाच्या सवयीने मी हा प्रसंगही आवाज बंद करून पाहिला. गाणी नाहीत, गलका नाही, नुसता तो सुरकुतलेला चेहरा खिडकीकडे कललेला. आणि आवाज बंद असूनही तो पडल्याचा क्षण मला रायनच्या डोळ्यांत कळला.